पावतीवरची वेळ

टाकीचं झाकण उघडून पेट्रोलची वाट पाहत उभा होतो, तेव्हा लक्षात आलं की मला चित्रदुर्ग आठवत नाही.

गाव आठवत नाही असं नव्हे. गाव चांगलं माहीत होतं. किल्ला, त्यामागच्या टेकड्या, टेकड्यांवर ओळीनं उभ्या पवनचक्क्या. रात्री त्यांच्या माथ्यावरचे लाल दिवे दिसतात आणि बंगळूरकडे जाणाऱ्याला कळतं, की आता दोनशे किलोमीटर उरले. ते दिवे मी पाहिले असणारच, कारण मी हिरियूरच्या पंपावर उभा होतो आणि पुण्याहून हिरियूरला येणारा चित्रदुर्गावरूनच येतो. पण दावणगेरे मागे टाकल्यावर एका धाब्याचा निळा बोर्ड दिसला होता, आणि त्यानंतर थेट हा पंप. मधला जवळजवळ तासाभराचा रस्ता डोक्यात कुठेच नव्हता. त्या तासात गाडी मी चालवली होती. गिअर बदलले असतील, ट्रकना मागे टाकलं असेल, डिपर दिला असेल. त्यातलं काहीही आठवेना.

पहाटेचे चार वाजून पाच मिनिटं झाली होती. डिसेंबर महिना. पंपावरच्या माणसानं पावती हातात दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून शेजारच्या लाकडी बाकाकडे बोट दाखवलं. "निद्दे माडि, सार." मला कानडी येत नाही, पण या शब्दांना भाषांतर लागलं नाही. हेल्मेट उशाला घेतलं आणि आडवा झालो. चोवीस तासांच्या घड्याळातले दहा तास उलटले होते, आणि ते घड्याळ माझ्या डोक्याशी चालूच राहिलं.

कशासाठी होतं हे सगळं, ते सांगतो.

अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची एक संघटना आहे. नावाचा सरळ अर्थ लोखंडी बूड. लांब पल्ल्याच्या मोटारसायकल प्रवासाची नोंद आणि पडताळणी करणं हे तिचं काम. तिच्या यादीतली सगळ्यात पहिली पायरी म्हणजे 'सॅडलसोअर': चोवीस तासांत 1,000 मैल, म्हणजे 1,609 किलोमीटर. त्यापुढे 36 तासांत 1,500 मैल, मग 24 तासांत 1,500 मैल, आणि टोकाला दर दोन वर्षांनी होणारी आयर्न बट रॅली. त्या रॅलीत 11 दिवसांत 11,000 मैलांच्या घरात अंतर कापलं जातं. पहिली रॅली 1984 साली झाली. सॅडलसोअर जगात कुठेही, कोणत्याही दिवशी, एकट्यानं करता येतं. ती शर्यत नाही. कोण किती लवकर पोचला याला तिथे काडीची किंमत नाही. अठरा तासांत आलेल्याला आणि तेवीस तास एकोणसाठ मिनिटांत आलेल्याला एकच प्रमाणपत्र मिळतं.

मराठी स्वारासाठी यातली पहिली अडचण रस्त्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही बंदी आहे. उरतो आपला जुना चार नंबरचा हायवे. आता त्याचा नंबर 48 झालाय, पण धाब्यांवर आणि गॅरेजमध्ये तो अजून 'एनएच फोर'च आहे. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, हिरियूर, सिरा, तुमकूर, नेलमंगला. वाकडच्या पंपावरून निघून बंगळूरच्या वेशीवरच्या नेलमंगल्याला शिवून परत वाकडला आलं, की नकाशावर सुमारे 1,640 किलोमीटर भरतात. शहरात शिरायचं नाही, फक्त वेशीला हात लावून वळायचं. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अनेकांनी पहिलं सॅडलसोअर याच पट्ट्यावर केलंय.

आता हिशेब पाहा, कारण या खेळाचा जीव त्या हिशेबात आहे. चोवीस तासांत 1,609 किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी 67. ऐकायला हे काहीच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण चारपदरी महामार्गावर दुचाकीला वेगाची मर्यादा ताशी 80 आहे. एकदाही न थांबता, एकदाही ब्रेक न लावता बरोबर 80 नं गेलं, तरी 1,609 किलोमीटरला वीस तास सात मिनिटं लागतात. उरतात तीन तास त्रेपन्न मिनिटं. पेट्रोल, लघवी, पाणी, जेवण, चेनला तेल, घाट, टोलनाक्यावरची गर्दी, रुंदीकरणाची डायव्हर्जन्स, सर्व्हिस रोडवरचे खड्डे आणि झोप, हे सगळं त्या पावणेचार तासांत बसवायचं.

माझ्या आधी ही फेरी पूर्ण केलेले एक निवृत्त बँक अधिकारी सांगलीत राहतात. वय साठीच्या पुढचं. त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलो तेव्हा मी टायरबद्दल विचारलं, दिव्यांबद्दल विचारलं, कुठलं जॅकेट घ्यावं ते विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, गाडी पळवायची नसते यात. थांबा वाचवायचा असतो." मग वही काढून दाखवली. पेट्रोलला सहा मिनिटं. त्यातच पाणी पिणं, पावतीचा फोटो, मीटरचा आकडा वहीत लिहिणं. हातमोजे काढले की हेल्मेटमध्ये ठेवायचे, दुसरीकडे कुठेही नाही. पाकीट डाव्या खिशात, किल्ली उजव्या. "एका थांब्यावर हातमोजा शोधण्यात चार मिनिटं गेली आणि असे आठ थांबे झाले, तर अर्धा तास गेला. तो अर्धा तास मग तुम्ही रस्त्यावर वसूल करायला जाता. माणूस मरतो तो तिथे."

ही वही मी उतरवून घेतली, पण तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी शुक्रवारी दिवसभर ऑफिसात काम केलं, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाकडला पहिली पावती घेतली आणि निघालो. रात्री रस्ता मोकळा मिळेल, सकाळी नेलमंगला गाठू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी, असा माझा बेत. कागदावर तो बेत फार सुंदर दिसत होता. त्या दिवशी मी सकाळी सहाला उठलो होतो, ही गोष्ट त्या कागदावर कुठेच नव्हती.

झोपेचा अभ्यास करणाऱ्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या दोघांनी 1997 साली 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध छापला. माणसाला जागं ठेवून त्याच्या हाताची आणि नजरेची चाचणी घ्यायची, आणि तीच चाचणी दारू पाजून घ्यायची. सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडतो आणि चोवीस तासांनंतर हा आकडा साधारण 0.10 वर जातो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 0.03 टक्के. हिरियूरला पोचलो तेव्हा मी बावीस तास जागा होतो. मी दारू पीत नाही. मी त्या रात्री कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीतिपटीनं प्यायलेल्या माणसासारखा दोन चाकांवर बसून चाललो होतो, आणि मला कुणी अडवणार नव्हतं, कारण झोप फुंकून मोजता येत नाही.

त्यात पहाटे दोन ते सहा ही वेळ. शरीराचं तापमान उतरतं, मेंदू आतून दिवे मालवायला लागतो. डुलकी लागते ती आपल्याला वाटते तशी मान टाकून लागत नाही. दोन सेकंद, चार सेकंद. डोळे उघडेसुद्धा असू शकतात. ताशी 80 नं गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ नव्वद मीटर. दावणगेरे ते हिरियूर मी असे किती नव्वद मीटर गेलो असेन, याचा विचार आजही नको वाटतो.

साडेसहाला त्या पंपावरच्या माणसानंच उठवलं. त्याची पाळी संपली होती. दिवस उजाडला होता आणि माझे साडेनऊशे किलोमीटर बाकी होते. अकरा तास चाळीस मिनिटांत साडेनऊशे, म्हणजे थांबे धरून ताशी 81 ची सरासरी. जमवायचं म्हटलं तर वेग शंभर-एकशेदहावर न्यावा लागला असता. मी बाकावर बसून ते गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं आणि मी वही मिटली.

शेजारच्या टपरीवर चहा घेत होतो. एमएच 10 नंबरचा ट्रक उभा होता, तासगावची द्राक्षं घेऊन चेन्नईला चाललेला. नंबर पाहून माझी नजर आपोआप तिकडे गेली, आणि ड्रायव्हरनं माझा नंबर पाहिला.

"काय दादा, गाडी बिघडली का?"

"गाडी ठीक आहे. मलाच झोप आली."

मग बोलणं झालं. चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर हे ऐकून तो हसला नाही, चकितही झाला नाही. त्यानं फक्त विचारलं, की लेट झालं तर काय कापतात. काहीच कापत नाहीत म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिला. "मग बरंय," म्हणाला. "झोपला ते चांगलं केलं. आम्हाला पोचायची वेळ देत्यात. झोपायची कोण देत नाही."

आपल्या देशात मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट नावाचा कायदा 1961 साली झाला. चालकानं दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम करावं, अशी मर्यादा त्यात घातली होती. द्राक्षं नाशवंत, बाजार पहाटेचा, आणि केबिनमध्ये माणूस एकटा. मी ज्याच्यासाठी प्रमाणपत्र मागत होतो तो प्रवास हा माणूस हंगामभर, आठवड्यामागून आठवडा करतो. आता रात्री हायवेवर एखादा ट्रक उगाचच लेन सोडून हळूहळू उजवीकडे सरकताना दिसला, की मी हॉर्न वाजवून शिव्या देत नाही. मागे राहतो, लांबून डिपर देतो आणि तो सावरेपर्यंत थांबतो.

चित्रदुर्गला परत जाऊन लॉजवर दिवसभर झोपलो आणि रविवारी सावकाश पुण्याला आलो. येताना पवनचक्क्या नीट पाहून घेतल्या.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी गाडीपेक्षा माणसांचा अभ्यास जास्त केला. या वेडाचा इतिहास मोठा आहे. 1914 साली अर्विन बेकर नावाच्या अमेरिकन स्वारानं सॅन दिएगोहून न्यूयॉर्कपर्यंत आख्खा देश साडेअकरा दिवसांत पार केला. तेव्हा त्या देशात धड रस्ते नव्हते. बराचसा प्रवास मातीतून आणि कधी रेल्वेच्या रुळांमधून. 'कॅननबॉल' हे नाव त्याला त्यातूनच चिकटलं. पण मला जास्त ओढ लागली ती ऑगस्टा आणि ॲडलाइन व्हॅन ब्युरेन या बहिणींची. 1916 च्या जुलैत दोघी 'इंडियन' कंपनीच्या दोन मोटारसायकली घेऊन न्यूयॉर्कहून निघाल्या आणि साठेक दिवसांनी कॅलिफोर्नियात पोचल्या. युद्धात सैन्याचे निरोप पोचवणारे स्वार लागतात आणि ते काम बायकाही करू शकतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. वाटेत चौदा हजार फुटांवरचा पाइक्स पीक त्यांनी गाडीवरून गाठला. वाटेतल्या गावांमध्ये पोलिसांनी त्यांना अडवलं, अटक केली, ते वेगासाठी नाही. पुरुषांसारखी पँट घातली म्हणून. प्रवास पुरा करूनही सैन्यानं त्यांना घेतलं नाही. पुढे ऑगस्टा वैमानिक झाली, ॲडलाइननं वकिलीची पदवी घेतली.

त्या बहिणींना अडवत होते चिखल, नद्या, पंक्चर आणि लोक. शंभर वर्षांत यातलं जवळजवळ सगळं बाजूला झालं. 2009 साली जॉन रायन नावाचा स्वार अलास्काच्या उत्तर टोकावरच्या प्रुडो बेहून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्टला, 86 तास 31 मिनिटांत पोचला. गाडी थकत नाही, रस्ता संपत नाही, टायर फुटत नाही. उरतं ते माणसाचं शरीर. व्हॅन ब्युरेन बहिणींना पुढे जाण्यासाठी हट्ट लागत होता. आजच्या स्वाराकडे हट्ट पुरेसा असतो, आणि नेमका तोच त्याला मारतो. हिरियूरच्या बाकावर मला हे उमगलं होतं, शब्द नंतर सापडले.

आयर्न बटच्या जुन्या स्वारांनी नवख्यांसाठी अनुभवाचे सल्ले लिहून ठेवलेत. वेगाबद्दल त्यात फारसं काही नाही. पाणी किती प्यावं, आधीच्या दिवसांत झोप कशी साठवावी, पोटात जड अन्न का नको, कॉफीवर विसंबू नये, आणि थांबावंसं वाटलं तर थांबावं. मी ते अक्षरशः पाळायचं ठरवलं. आठ दिवस आधी चहा-कॉफी बंद, म्हणजे लागेल त्या रात्री तिचा उपयोग होईल. तीन रात्री आठ-आठ तास झोप. कानांत फोमचे बोळे, कारण हेल्मेटमधला वाऱ्याचा गोंगाट दिवसभरात माणसाला नुसत्या आवाजानं दमवतो. अंगाला घाम दिसत नाही म्हणून तहान लागत नाही असं वाटतं, पण वारा तो घाम उडवून नेत असतो. म्हणून पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट हेल्मेटमध्ये. गाडी माझी चाकणला बनलेली डॉमिनार 400. टाकी तेरा लिटरची, माझ्या हाताला तीनशे किलोमीटर सहज देते. ऑइल, चेन, ब्रेक पॅड आधीच्या आठवड्यात बदलले. निघण्याच्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. नवा काही बदल रस्त्यावर करून पाहायचा नाही.

आणि तीन खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. मागचे पाच किलोमीटर आठवले नाहीत, तर थांबायचं. हेल्मेटमध्ये मान ताठ ठेवायला जोर लावावा लागला, तर थांबायचं. 'अजून थोडंच राहिलंय' हे मनात आलं, तरी थांबायचं. तिसरी खूण बायकोनं सुचवली होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी सातला झोपलो. रविवारी पहाटे वाकडच्या त्याच पंपावर पावती घेतली: चार वाजून सात मिनिटं. सांगलीचे ते सर साक्षीदार म्हणून आदल्या रात्रीच आले होते. त्यांनी पावती वाचली, तारीख तपासली, स्वतःच्या घड्याळाशी वेळ जुळवली आणि मगच सही केली.

या पावतीबद्दल थोडं सांगायला हवं. दुचाकीला टोल नाही. नाक्यावर डावीकडच्या चिंचोळ्या फटीतून आपण निघून जातो आणि मागे काहीच उरत नाही. चारचाकीवाल्याच्या प्रवासाची नोंद फास्टॅग ठेवतो. आपली साक्ष फक्त पेट्रोलच्या पावतीची. तिच्यावर गाव हवं, तारीख हवी, वेळ हवी. यूपीआयचा संदेश चालून जाईल असं वाटतं, पण पैसे कुठे उभं राहून दिले हे त्यात नसतं. पावतीचा कागद उष्णतेवर छापणारा, उन्हात काळा पडतो, महिन्याभरात पुसट होतो. म्हणून तिथल्या तिथे फोटो काढायचा, मीटरसकट. सगळ्यात महत्त्वाची पावती वळण्याच्या टोकाची. ती नसेल तर तुम्ही तिथवर गेलात हे कशावरून?

दरी पूल अंधारात ओलांडला, खंबाटकी चढलो. कराडच्या पुढे उजाडलं. उसाचा हंगाम जोरात होता. एका ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, वरून बाहेर लोंबणारं वाढं, आणि मागे दिवा म्हणाल तर क्वचित एखादी लाल पट्टी. दिवसा दिसतात. रात्री परतताना याच रस्त्यावर त्या मिळणार, हे मनात नोंदवून पुढे गेलो. कागलला पहिलं पेट्रोल: सात मिनिटं. तवंदी घाट, संकेश्वर, बेळगाव. निपाणीपासून बेळगावपर्यंत पंपावर मराठी बोला, कानडी बोला, पोरं दोन्हींत उत्तर देतात. धारवाडनंतर मराठी हळूहळू मागे पडते आणि पाट्यांवरची अक्षरं गोल होत जातात. हुबळी-धारवाड बायपास अनेक वर्षं दुपदरी राहिलेला आणि अपघातांसाठी बदनाम. तिथे मी ताशी साठवर उतरलो आणि जेवढा वेळ गेला तेवढा जाऊ दिला.

दावणगेऱ्याचा लोणी डोसा मला फार आवडतो. बायपासवरून त्याच्या शेजारून गेलो आणि पिशवीतले खजूर खाल्ले.

चित्रदुर्ग या वेळी दुपारच्या उन्हात आलं आणि मी ते मुद्दाम पाहिलं. प्रत्येक पवनचक्की, शक्य तेवढी. हिरियूरचा तो पंप डावीकडे दिसला. पेट्रोल हावेरीला घेतलं होतं, त्यामुळे थांबण्याचं कारण नव्हतं. बाकही दिसला. त्यावर कुणीतरी डबा उघडून जेवत होतं.

नेलमंगल्याला पोचलो तेव्हा तीन पस्तीस झाले होते. पेट्रोल भरलं, पावती घेतली, फोटो काढायला मोबाइल धरला आणि पोटात गोळा आला. पावतीवरची वेळ होती सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. मशीनचं घड्याळ चुकलेलं. पंपावरच्या पोराला समजावलं, त्यानं दुसऱ्या मशीनवरून काढून पाहिली. तिथे तारीखच आदल्या वर्षीची. जो माणूस पहाटे चारला पुण्यात होता तो सकाळी नऊला बंगळूरच्या वेशीवर असू शकत नाही, आणि माझ्याकडची एकमेव साक्ष तेच सांगत होती. शेवटी अर्धा किलोमीटर मागे एटीएम सापडलं. रांगेत चार माणसं. शंभर रुपये काढले, स्लिप घेतली. शाखेचं नाव, तारीख, वेळ, सगळं बरोबर. यात बावीस मिनिटं गेली. ती वसूल करायची नाहीत, हे मी हेल्मेट घालताना स्वतःला मोठ्यानं सांगितलं. एटीएमचा रखवालदार माझ्याकडे पाहत राहिला.

परतीचे आठशे किलोमीटर वेगळेच असतात. जाताना प्रत्येक गाव नवं येतं, येताना प्रत्येक गाव उरलेल्या आकड्यासारखं येतं. अंधार पडला. उजव्या तळहाताची दोन बोटं बधिर झाली होती. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर बारा तास मुठीत धरली की असं होतं. दर अर्ध्या तासानं फूटरेस्टवर पाय देऊन उभा राहायचो, तेवढ्यानं बुडाला वारा लागायचा. हावेरीला पेट्रोल, दोन केळी, आणि पंधरा मिनिटं बाकावर डोळे मिटून. झोप लागली नाही, पण मान सैल झाली. बेळगाव, निपाणी. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला आलो तेव्हा बारा वाजले होते. शेवटच्या आधीची पावती. अंगावर मराठी पाट्यांचा उजेड पडला आणि मनात स्वच्छ शब्दांत आलं, की आता थोडंच राहिलंय.

तिसरी खूण होती ती. मी तिथे थांबलो नाही, हे कबूल करतो. पेट्रोल भरून निघालो आणि पेठ नाक्याच्या पुढे एक उसाची ट्रॉली दिव्यांच्या झोतात अगदी समोर उगवली. ब्रेक वेळेवर लागला. पण ती मला दिसायला हवी होती त्याहून फार उशिरा दिसली. कराडच्या अलीकडे आठवून पाहिलं, तर त्या ट्रॉलीनंतरचा रस्ता आठवत होता, आधीचा नाही.

कराडजवळच्या धाब्यावर गाडी लावली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वाकड सुमारे 172 किलोमीटर. लगेच निघालो तर साडेतीनला पोचेन, हातात सदतीस मिनिटं. झोपलो तर ती मिनिटं संपतील, कदाचित सगळीच. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात 1990 च्या दशकात झोपाळू चालकांवर प्रयोग झाले होते: नुसती कॉफी किंवा नुसती डुलकी यांच्यापेक्षा कॉफी पिऊन लगेच घेतलेली पंधरा मिनिटांची डुलकी जास्त काम करते, कारण कॉफी अंगात भिनायला लागणारा वेळ झोपेत जातो. आठ दिवस मी याच कपासाठी कॉफी सोडली होती. धाब्यावर कॉफी नव्हती. मालकानं एका कपात दोन पुड्या टाकून कडक चहा करून दिला. मोबाइलवर सतरा मिनिटांचा गजर लावला, तो धाब्यावरच्या पोराच्या हातात दिला आणि खाटेवर पडलो.

त्या क्षणी सॅडलसोअर माझ्या हातून गेलं होतं, असंच मी धरून चाललो होतो. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. दोन महिन्यांची तयारी, ते नेलमंगल्याचं एटीएम, सर साक्षीला रात्रभर वाकडला बसलेले. आणि तरी खाटेवर पाठ टेकल्या टेकल्या झोप लागली.

"ओ काका. काका, वाजलं."

एक बत्तीसला निघालो. हवा गार होती. सातारा दिव्यांसकट आला, लिंब खिंड आठवतेय, सुरूर फाटा आठवतोय. खंबाटकीच्या बोगद्यातले पिवळे दिवे एकेक मोजता येतील असे डोक्यावरून गेले. बोगद्यापुढच्या वळणावर वेग चाळीसवर. स्पीडोमीटरचा काटा 84 वर, म्हणजे खरे 80, कारण गाडीचा काटा थोडा वाढवूनच सांगतो. त्याच्या वर मी तो जाऊ दिला नाही. शिरवळ, कात्रजचा बोगदा, नवले पुलाचा उतार. उतारावर गिअर खाली. वारजे, चांदणी चौक, बावधन, बाणेर.

वाकडच्या पंपावर एकच पोरगा जागा होता.

"किती टाकू?"

"शंभरचं टाक. पण पावती दे."

पावती आली. तीन वाजून पन्नास मिनिटं. मीटरवर 1,687, नकाशावर 1,640. तेवीस तास त्रेचाळीस मिनिटं. सरांनी चष्मा पुसला, पावती उजेडात धरली, आपलं घड्याळ पाहिलं आणि सही केली. अभिनंदन वगैरे म्हणाले नाहीत. "किल्ली द्या," म्हणाले.

घर तिथून सहा किलोमीटर. मी गाडीवर बसून जाणार नव्हतो, हे आधीच ठरलं होतं, पण ठरलेलं असूनही हात किल्लीभोवती घट्ट झाला होता. सरांनी तो सोडवला, गाडी पंपाच्या भिंतीला लावली, हँडल लॉक केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. रस्त्यापलीकडून रिक्षा बोलावली. मी हेल्मेट मांडीवर घेऊन मागे बसलो. उजवी मूठ अजून आपोआप वळत होती.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. जॅकेटवर किडे, चेहऱ्यावर हेल्मेटच्या पॅडचे वळ.

"लांबून आलात वाटतं, साहेब?"

"नाही," मी म्हणालो. "इथूनच. याच पंपावरून."